पोरीलेच काहून?

गांधीबागेतल्या कापड दुकानदाराचे हात कधी रिकामे नसतात. एका हातात थान, दुसऱ्यात कात्री. म्हणून मार्करचं टोपण दातानं ओढायची वामनरावांची जुनी खोड. त्या दिवशी घरून निघताना लेकीच्या टेबलावरचा गुलाबी, जाडसर मार्कर त्यांनी खिशात टाकला होता. गिऱ्हाइकासमोर तो दातात धरून ओढला. टोपण काही निघेना. जोर लावताना श्वास आत गेला आणि काय सांगावं महाराजा, वामनरावांच्या नाकातोंडातून पिकल्या आंब्याच्या वासाचा पांढराफेक धूर! खोकून खोकून डोळे बाहेर यायची पाळी आली. गिऱ्हाईक पोट धरून हसलं. हे वेप आहे, पोरं सिगारेटीसारखं ओढतात, हे शेजारच्या दुकानदारानं सांगितलं.

संध्याकाळी घरात पंचायत बसली.

"उद्यापासून तुयं कॉलेज बंद," वामनराव लेकीवर, अश्लेषावर, गरजले. "घरी बसाचं. पोरगा पाहू अन् उजवून टाकू."

"बरोबर हाय," वामनरावांचे धाकटे भाऊ रुपरावकाका म्हणाले. ते पाटावर बसून प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा घोटत होते. सुपारी, तंबाखू, चुना, मस्त चाललं होतं. "पोरीच्या जातीले हे शोभते का वं?"

अश्लेषाचं डोकंच सणकलं. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, तिच्या घराण्यातली पहिलीच पोरगी इथवर आलेली. आणि निकाल कोण देतोय, तर गालात तोबरा भरलेला हा माणूस!

"काका, तुमच्या हातात काय प्रसाद हाय का?"

"खर्रा हाय. बापजाद्यापासून खाऊन राहिलो."

"तुमच्यात तंबाखू हाय. माह्यावाल्यात नुसती वाफ हाय, डब्यावर तंबाखूतलं निकोटिन शून्य लिहिलं हाय. कॉलेजात मेडिकलची डॉक्टर आली हाय, निकोटिनसाठी पोरापोरींची लघवी तपासून राहिली. चला, दोघंही देऊ. माह्यात निघालं तर मी हरली. नाही निघालं तर कॉलेज चालू. घाबरता का?"

"मी अन् घाबरीन?" काकांनी मिशीवर हात फिरवला. वामनरावांनीही मान डोलावली.

निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत बोलावलं. "निकोटिनचा अंश तुझ्यात काकांइतकाच आहे. वर शिसं आणि निकेलही थोडं सापडलं. आतली तार तापते ना, तिच्यातून येतं."

"पण डब्यावर शून्य..."

"बंदी असलेला माल चोरून विकणारा डब्यावर खरं कशाला लिहील?" बाई म्हणाल्या. "हे तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही मी."

अश्लेषाला आधी लाज वाटली, मग संताप आला. सकाळी डोळा उघडताच उशीखाली हात का जायचा, तासभर ओढलं नाही की आईवर का खेकसायची, सगळं तिला कळलं. ती वाफ ओढत नव्हती, वाफ तिला ओढत होती. आंब्याचा वास लावून तिला गंडवलं होतं. घरी खोटं सांगितलं तर कॉलेज वाचलं असतं. पण खोट्यानंच तर हे सगळं घडवलं होतं, आणखी एक खोटं तिच्या जिभेवर येईना.

दोन दिवस तिनं वेपला हात लावला नाही, मग ती सगळ्यांसमोर उभी राहिली. "मी हरली. माह्यात काकांइतकंच निघालं."

"मंग झालं!" वामनरावांनी मांडीवर थाप मारली. "शर्त म्हणजे शर्त."

"शर्त हरली, अक्कल नाही हरली," अश्लेषा म्हणाली. "सोडून राहिली मी. लई जड जाते, जीव कासावीस होते. पण घरी नाही बसणार. जहर दोघांच्याही अंगात हाय, मंग शिक्षा पोरीलेच काहून?"

"तोंड सांभाळ!" वामनराव उठले आणि दारात आडवे उभे राहिले.

अश्लेषाची आई कुसुमताई पदर खोचून पुढे आल्या. नवऱ्यासमोर त्या कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या, आजही बोलल्या नाहीत.

"तुमचं खरं हाय. जहर निघालं त्याले घरी बसवा. उद्यापासून भाऊजी बी दुकानात जाणार नाहीत."

रुपरावकाका ताडकन उठले. "वयनी, असं कसं? मंग माहं दुकान कोण पाह्यन?"

"अन् तिचं कॉलेज कोण शिकन?"

वामनरावांनी भावाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, लेकीकडे मात्र पाहवेना. मग ते दारातून बाजूला झाले. अश्लेषानं खांद्यावर बॅग टाकली.

"काका, मी सोडून राहिली. तुम्ही बी सोडा," ती चपला घालता घालता म्हणाली. "नाही जमलं तर घरी बसा."