बर्फ वितळेपर्यंत ठेवून घ्याल का?

आमच्या गावात मेणबत्त्या संपल्या होत्या. खोटं नाही सांगत. ट्रूडीच्या दुकानात फळी रिकामी, आणि ट्रूडी मला विचारते, "केकवर लावायच्या बारक्या आहेत, चालतील का?" घ्या! कापणीच्या जत्रेत, केकच्या तंबूत त्या मेल्याने गोळ्या घातल्या, आठ माणसं गेली, त्याला महिना होत आला होता. तरी रोज संध्याकाळी कुठे ना कुठे मेणबत्त्या चालूच. शाळेच्या कुंपणाला हिरव्या फिती, पावसात भिजून लोळागोळा झालेली टेडी अस्वलं, चौकात टीव्हीवाल्यांच्या गाड्या. मला दुःख नव्हतं असं नाही. गेलेल्यातल्या तिघींचे केस मी वर्षानुवर्षं कापले होते. पण सगळ्यांबरोबर उभं राहून रडायला डोकं ठिकाणावर लागतं, आणि माझा जीव सारखा घराकडे ओढत होता.

रोलंड, माझा नवरा, गावाची अँब्युलन्स चालवतो. पगार नाही काही, हौसेचं काम. पोटापाण्यासाठी तो लोकांच्या घरातल्या हीटरच्या भट्ट्या दुरुस्त करतो. जत्रेच्या दिवशी तो आणि त्याचा जोडीदार वेंडेल तंबूबाहेर कणसं खात उभे होते. सगळे बाहेर पळाले, आणि हे दोघे आत गेले. तिसरीच्या वर्गाच्या प्रुइट बाई रोलंडच्या हातात गेल्या. त्यांच्या मानेवर तो हात दाबून बसला होता. हे त्याने मला एकदाच सांगितलं, तेही माझ्याकडे पाठ करून.

तेव्हापासून माणूस टेकेना. सकाळी अँब्युलन्स धुवायचा, दुपारी पुन्हा धुवायचा. जेवायचं ते उभ्याने. जिना वर, जिना खाली. मी म्हटलं, "अरे, बस ना घटकाभर," तर म्हणे, "बसलोच होतो की." कधी बसला होतास, बाबा?

मग एके दिवशी त्याने मला तळघरात नेलं आणि आमच्या घरची भट्टी कशी पेटवायची ते दाखवायला लागला. हा खटका, ही फिल्टरची जाळी, इथे हात लावायचा नाही. म्हटलं, "मला कशाला दाखवतोस? तू आहेस ना?"

"असावं माहीत," तो म्हणाला. "माझ्यावाचून अडायला नको."

तिथेच, त्या पायरीवर, मी सरळ विचारलं, "रोलंड, जिवाचं काही बरंवाईट करायचं डोक्यात येतं का तुझ्या?"

"हल्ली कोणाच्या डोक्यात काय येत नाही?" म्हणाला, आणि गाडी धुवायला गेला.

जिन्याखाली आमचं काचेचं कपाट आहे. त्यात पाच बंदुका. एक त्याच्या वडिलांची, जिने त्याने पहिलं हरीण मारलं ती. मी दवाखान्यातल्या नर्सला फोन केला. ती म्हणाली, "डॉक्टरांची वेळ मी बघते, बाकीचं पुढचं पुढे. आधी बंदुका घराबाहेर काढ. दोन-चार महिने कोणाकडे तरी ठेव." एवढं साधं काम! शेजाऱ्याकडे शिडी ठेवतो, बर्फ काढायचं यंत्र ठेवतो, तशा पाच बंदुका. आधी जागा ठरवू, मग रोलंडला गळ घालू, असा मी बेत केला.

पण त्या महिन्यात आमच्या गावात बंदूक ही वस्तू राहिलीच नव्हती. ती बाजू झाली होती. माझं पार्लर घरातच, पुढच्या खोलीत. एका खुर्चीत बंदुकांवर बंदी हवी म्हणणारी, दुसरीत नको म्हणणारी, आणि मधे कात्री घेऊन मी. एकमेकींशी बोलायच्या नाहीत, दोघी माझ्याशीच बोलायच्या. "आर्डिथ, काही लोकांना अजून अक्कल येत नाही बघ." "आर्डिथ, काही लोकांना टीव्हीवर यायची भारीच हौस." आणि मी हं हं करत केस कापायची.

पहिली गेले जोलीनकडे. तिचा भाचा त्या तंबूत गेला. तिच्या अंगणात पाटी, दाराला पाटी, गाडीला पाटी, आणि रविवारच्या गावसभेत बंदीचा ठराव मांडणाऱ्यांत तीच पुढे. माझं ऐकून तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "शनिवारी आण. चर्चच्या आवारात आम्ही करवतीने तुकडे करणार आहोत. आणि अगं, रोलंडच्या बंदुका! त्या दिवशी आत गेला त्याच्या! राज्यभर फोटो जाईल."

"मला तुकडे नकोत करायला," मी म्हटलं. "नुसत्या ठेवायच्यात. आणि का ते कोणाला कळायला नको."

"ठेवायच्या? म्हणजे परत द्यायच्या?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या दारात साप घेऊन आले होते. "माझ्या घरात बंदूक यायची नाही, आर्डिथ. मेले तरी नाही." तिचंही खरंच होतं. भाचा गेलेला तिचा. पण मी निघाले तोवर तिने माझं नाव गावसभेत बोलणाऱ्यांत घालून टाकलं होतं.

मग माझ्या सख्ख्या भावाकडे, कर्टिसकडे. तो दुसऱ्या टोकाचा. खळ्यात ट्रॅक्टरखाली आडवा होता, तिथूनच बोलला.

"हरणांच्या शिकारीचा मोसम तोंडावर आलाय आणि रोलंड बंदुका दुसऱ्याकडे ठेवणार? कोणी पढवलं तुला? जोलीनने?"

"कोणी नाही पढवलं. मला जागा हवीय."

"आज ठेवायला देशील, उद्या सरकारवाले घरी येऊन उचलून नेतील. असंच सुरू होतं." तो बाहेर सरकला, हात पुसत. "रोलंडला माहीत आहे का हे? थांब, मीच विचारतो त्याला."

"खबरदार त्याला फोन केलास तर!" मी ओरडले. खरं कारण माझ्या ओठांवर होतं. पण कर्टिसला सांगणं म्हणजे डेअरीच्या फलकावर लिहिणं. रोलंडच्या हातून अँब्युलन्स काढून घेतली असती, आणि तेवढ्याच एका गोष्टीसाठी तो सकाळी अंथरुणातून उठत होता.

वेंडेलला विचारायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या टायरच्या दुकानात येईल त्याला तो बंदुकांच्या बाजूने भाषण ऐकवायचा. शिवाय रोलंडचा जोडीदार, रोज भेटणारा. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या बांधावर मी.

रविवारी दुपारी शाळेच्या जिममधे गावसभा भरली. रोलंड आला नाही, गॅरेजमधे काम आहे म्हणाला. मीही जाणार नव्हते. पण घरी बसले तर त्याच्यामागे या खोलीतून त्या खोलीत फिरते आणि त्याला ते सहन होत नाही, म्हणून गेले. बास्केटबॉलच्या रिंगखाली माइक, प्रत्येकाला तीन मिनिटं. एका बाजूला हिरव्या फिती लावलेले, बंदी हवी म्हणणारे, दुसऱ्या बाजूला शिकारीच्या टोप्या घातलेले, बंदी नको म्हणणारे. आणि सगळ्यांचे डोळे रडून लाल, दोन्हीकडचे, हे मात्र कोणी बघत नव्हतं.

वेंडेल उठला. धिप्पाड माणूस, माइक त्याच्या हातात लहान दिसत होता. "माझी बंदूक माझ्या उशाशी असते!" तो गरजला. "तिथेच राहणार! कोणाला हवी असेल त्याने माझ्या घरी यावं, मी दार उघडं ठेवतो!" टोप्यावाल्यांनी बाकांच्या फळ्यांवर पाय आपटून जिम दणाणून सोडलं. मग जोलीनने भाच्याचा बूट वर धरला, आणि पलीकडून कोणीतरी म्हणालं, "पुरे झाली नाटकं." पुरे झाली नाटकं म्हणे! माझं डोकं सणकलं, आणि नेमकं तेव्हाच माझं नाव पुकारलं.

मी बोलणार नव्हते. देवाशप्पथ नव्हते. पण माइकजवळ गेले आणि तोंडातून निघूनच गेलं.

"मी कोणाच्या बाजूने बोलायला आले नाही. माझ्या घरी पाच बंदुका आहेत आणि माझा नवरा झोपत नाही. तुम्ही सगळे त्याला हीरो म्हणता, त्याच्या नावाची पाटी चौकात लावलीत. त्याने मला परवा भट्टी पेटवायला शिकवली, त्याच्यामागे माझं अडू नये म्हणून. कळतंय का मी काय म्हणतेय? मला कायदा नको, भाषण नको. बर्फ वितळेपर्यंत पाच बंदुका ठेवून घ्याल का कोणी? एवढंच विचारतेय. एवढी माणसं आहात. ठेवून घ्याल का?"

मला वाटलं, आता कोणीतरी हात वर करणार. आणि करंट्याने केलाही! फितीवाल्यांतला एक उभा राहिला. "ऐकलंत? हेच आम्ही सांगतोय! घरात बंदूक असली की हेच होतं!"

"आजारी माणसाच्या जिवावर राजकारण करू नका!" पलीकडून आवाज.

"आजारी कोणाला म्हणतोस रे?"

"तो आजारी आहे म्हणून माझी का काढून घेता?"

झालं. माझा रोलंड त्यांच्यात चेंडूसारखा इकडून तिकडे जायला लागला. मी माइकला धरून उभी. अध्यक्षांनी हातोडी आपटली आणि मला म्हणाले, अगदी मायेने म्हणाले, "आर्डिथ, वेळ संपली. आणि सभेत प्रश्नांना उत्तर द्यायची पद्धत नाही आपल्याकडे."

"मग जळो तुमची पद्धत," मी म्हटलं आणि चालू पडले.

गाड्यांपर्यंत पोचले तर मागून धावत वेंडेल. धापा टाकत. मी म्हटलं, "हे बघ, आत्ता भाषण दिलंस तर दात पाडीन."

"आर्डिथ," तो म्हणाला, "सभा रेडिओवर चालू आहे."

आमच्या गावच्या केंद्रावर दर सभा लागते, आणि रोलंडच्या गॅरेजमधे रेडिओ दिवसभर चालू असतो. हे मला माहीत होतं. संतापाच्या भरात माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. ज्या माणसाकडे मी चार भिंतींआड बंदुका मागायला घाबरत होते, त्याची मी गावभर दवंडी पिटली होती. आणि तो घरी एकटा. कपाटासकट.

मी फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. किल्ली माझ्या हातून दोनदा पडली तेव्हा वेंडेलने मला सरळ त्याच्या ट्रकमधे ढकललं. पूल, डेअरी, चर्च. मी म्हणत होते, "मी मारलं त्याला, वेंडेल, मी मारलं." तो म्हणाला, "गप बस," आणि लाल दिवा तोडला. स्टिअरिंग त्याने दोन्ही हातांनी करकचून धरलं होतं. मला तेव्हा वाटलं, वेग आहे म्हणून.

अंगणात शिरलो तेव्हा समोरचं दार सताड उघडं होतं. मी ट्रक थांबायच्या आधीच उतरले, आपटले, उठले. दारातूनच दिसलं. कपाट उघडं, आत एकही बंदूक नाही. मी त्याचं नाव घेऊन किंचाळले.

"इकडे," आवाज आला. मागच्या पायऱ्यांवरून.

रोलंड तिथे बसला होता. महिन्यात पहिल्यांदा बसलेला. शेजारी पाचही बंदुका, रजयांत गुंडाळून, बाळांसारख्या ओळीने ठेवलेल्या. फोन आत स्वयंपाकघरात पडला होता, तिथेच तो वाजत राहिला होता. मी त्याच्यासमोर मातीत बसले. मला वाटलं आता ओरडेल, काय वाट्टेल ते बोलेल, बोलू दे. त्याने माझ्या खरचटलेल्या गुडघ्याकडे बघितलं.

"गोंधळ झाला रेडिओवर," तो म्हणाला. "पुढचं नीट ऐकू आलं नाही. कोणी हो म्हणालं का?"

आता याला काय सांगायचं? एवढ्या मोठ्या जिममधे, एवढ्या मेणबत्त्या लावणाऱ्या गावात, कोणी हो म्हणालं नाही, हे माझ्या तोंडून कसं निघणार? मी नुसती नाही अशी मान हलवली, आणि तो "बरं" म्हणाला. फार हळू म्हणाला.

"माझी बहीण ठेवेल," माझ्यामागून वेंडेल म्हणाला.

रोलंडने वर बघितलं.

"नदीपलीकडे राहते. कुलुपाचं कपाट आहे तिच्याकडे, जागा आहे." वेंडेल टोपी काढून उभा होता, त्या टोपीकडेच बघत. "माझ्या तिथेच आहेत. सगळ्या. जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी नेऊन दिल्या. मला राहवेना त्यांच्याबरोबर एका घरात."

"उशाशी असते म्हणालास आत्ता," रोलंड म्हणाला. "ऐकलं मी."

"म्हणालो खरं."

कोणी हसलं नाही. अंगणात वारा सुटला होता आणि वेंडेलच्या ट्रकचं दार अजून उघडंच होतं. तो पुढे आला, पहिली रजई उचलून खांद्यावर घेतली, आणि तेव्हा रोलंड म्हणाला, "थांब."

त्याने जाकिटाची चेन खाली ओढली, आत हात घातला आणि एक छोटं पिस्तूल काढलं. ते मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. कपाटात पाच होत्या, मी पाचच धरून चालले होते, पाचांसाठीच गावभर पदर पसरून फिरले होते. त्याने ते रिकामं केलं आणि वेंडेलला न देता माझ्या हातात दिलं.

ते ऊबदार होतं. त्याच्या अंगाच्या उबेने.