घर पाहाले कोण गेलतं?

कौशल्याबाईने कुडाच्या खिंडारातून हात घालून चंद्रकांतेचा दंड धरला आणि पोरीला आपल्या अंगणात ओढून घेतलं. पलीकडे शेजारची धुरपता उभी होती, हातात विड्यांसाठी तेंदूपानं कापायची कात्री.

"काय सांगून राहिली होतीस माह्या पोरीले?"

कौशल्याबाईने पोरीला घरात ढकललं आणि बाहेरून कडी लावली.

धुरपता पोळ्याच्या सुमारास बपेऱ्याला, माहेरी परतली होती. लग्न होऊन मध्यप्रदेशात गेलेली पोर. तिकडून तिला विकलं, आणि नागपुरात कोठ्यावर पोलिसांची धाड पडली तेव्हा ती सापडली. विकणारे सापडले नाहीत. कोर्टात आरोपी म्हणून उभी राहिली ती हीच. गावाला एवढंच कळलं की हिच्यावर केस झाली. तेव्हापासून ती विहिरीवर आली की बायका घागरी उचलून बाजूला सरकत. अशा बाया परत येतात त्या दुसऱ्या पोरी न्यायला, असं गावात सोयरिकी जुळवणाऱ्या भय्याजीने कौशल्याबाईला स्वतः बजावलं होतं.

भय्याजीचा शब्द घरात चालत होता. चंद्रकांतेसाठी स्थळ त्यानेच आणलं होतं, नदीपलीकडचं, मध्यप्रदेशातलं. हुंडा नको, लग्नही तेच करून घेणार. दोन दिवसांनी पोरीला घेऊन निघायचं ठरलं होतं.

"काकी," धुरपता हळूच म्हणाली, "घर पाहाले कोण गेलतं?"

कौशल्याबाईला राग आला, कारण हा प्रश्न तिच्याही पोटात होता. सोयरीक पक्की होण्याआधी पोरीकडची चार माणसं मुलाच्या घरी जाऊन जेवून येत. चूल, गोठा, विहीर पाहत. वरणात मीठ कसं होतं, इथपर्यंत बायकांना येऊन सांगत. या वेळी तिचा नवरा टेकचंद गेलाच नाही. धानाची मळणी चालू होती, आणि भय्याजी म्हणाला होता, एवढ्या लांब कायले जाता, मी पाहून आलो.

"भय्याजीनं पाह्यलं," ती म्हणाली.

"माहंबी त्यानंच पाह्यलं होतं."

कौशल्याबाई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. खोटं बोलणाऱ्याची नजर हलते म्हणतात. हिची हलत नव्हती. पण शहरात राहून आलेलीला तेही जमत असेल.

"मंग कोर्टात काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं ना. लिहिणाऱ्यानं माहं नाव लिहिलं. त्याचं नाही."

दुपारी भय्याजी चहाला आला. कौशल्याबाईने कपबशी ठेवली आणि म्हटलं, निघायच्या आधी मी एकदा घर पाहून येते.

"वहिनी, तुमालेच नांदाचं आहे का तिकडं?"

टेकचंद हसला. तिने गावाचं नाव विचारलं. सागरकडचं आहे, भय्याजी म्हणाला. टेकचंदचं हसू तिथेच थांबलं. त्याला कटनी सांगितलं होतं. तो खाली मान घालून चहा फुंकत बसला. भय्याजीने मात्र एकच विचारलं, धुरपता इथं आलती का? टेकचंद बोलून गेला की कुडापाशी उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर हवालदार आला. भय्याजीची तक्रार होती की धुरपता गावातल्या पोरींना फूस लावते. धुरपताला भिंतीशी उभं केलं होतं. कौशल्याबाईला साक्षीला बोलावलं. नवरा मागे आला.

"बाई, कुडापाशी ही तुमच्या पोरीशी बोलताना तुमी पाह्यलं ना?" हवालदाराने विचारलं. "आधीचीच केस आहे हिच्यावर. हो म्हणा, आजच नेतो."

पाहिलं तर होतंच. भय्याजी मान डोलवत होता.

"मीच बोलावलं होतं तिले. तेंदूपानं मागाले," कौशल्याबाई म्हणाली. "आता माहं लिहून घ्या. भय्याजीनं माह्या पोरीले स्थळ आणलं. एक डाव कटनी सांगते, एक डाव सागर. पोरगी कुठं नेऊन राहिला, इचारा त्याले."

बाईमाणसाच्या डोक्यात काहीतरी शिरलं, असं भय्याजी म्हणाला. हवालदारही गालात हसला. मग टेकचंद घसा खाकरून पुढे आला.

"मले कटनीच सांगितलं होतं, साहेब."

हवालदाराने भय्याजीकडे नीट पाहिलं, गावाचं खरं नाव विचारलं. भय्याजी आठवू लागला. हवालदाराने कोरा कागद पुढे ओढला.

"तुमाले संशय आला कसा? कोणी सांगितलं असंन तर नाव द्या. केस पक्की होईन."

भिंतीशी धुरपताने मान वर केली. तिचे ओठ उघडले.

कौशल्याबाईने तिच्याकडे पाहिलं. ही बाई खरी की खोटी, तिला अजूनही ठरवता आलं नव्हतं. पण मागे लिहिणाऱ्याने कोणाचं नाव लिहिलं होतं, ते तिच्या ध्यानात होतं.

"कोणीच नाही," ती म्हणाली, आणि अंगठा पुढे केला. "शाई कुठं आहे?"