सालीखालचे डाग

सफरचंदांवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठतात, असं कुणी सांगितलं असतं तर वहिनी हसली असती. गल्ली तिला वहिनीच म्हणायची. तिचा नवरा मात्र नाकावर राग घेऊन जन्मलेला. परसातलं झाड त्यानं पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. यंदा तर बुंध्याशी चार पोती शेणखत ओतलं होतं. आणि फळं उतरवली तर एकूणएक फळावर खोलगट, काळपट ठिपके. त्याच्या धाकट्या भावाची खोली परसाला लागूनच. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि हौसेनं गुलाबांवर औषध फवारायचा. झालं, नवऱ्याला चोर सापडला.

तरी त्यानं आधी बायकोला विचारलं. वीस वर्षं ती फळांच्या गोदामात सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहून डागी सफरचंदं बाजूला काढत होती. तिथं फळ कापायची मुभा नसते. साल बघायची आणि दोन सेकंदांत निकाल द्यायचा. सकाळी कामावर निघायची घाई. तिनं फळ एकदा फिरवलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला.

"औषधानं जळालंय."

चप्पल पायात सरकवतेय तोच परसातून किंकाळी आली.

नवऱ्यानं धाकट्याला गुलाबांत लोळवलं होतं. काट्यांनी तोंड ओरबाडलेलं, नाकातून रक्ताची धार. तो शपथा घेत होता, की झाडाला हातसुद्धा लावला नाही. नवऱ्यानं त्याचं उजवं मनगट पायरीवर दाबलं आणि फावड्याचा दांडा हाणला. परत हाणला. हाड मोडलेलं वहिनीला दारातून ऐकू आलं. ती मध्ये पडली तेव्हा तिसरा घाव तिच्या खांद्यावर बसला, आणि ती उतरवलेल्या फळांच्या टोपलीवर कोसळली.

गुडघ्याखाली एक फळ फुटलं. ठिपक्याखालचा गर तपकिरी, कोरडा, भुसभुशीत. औषधाचा डाग सालीवरच थांबतो, खाली गर पांढरा असतो, हे तिला काय ठाऊक नव्हतं? हे झाडाचं आतलं दुखणं होतं. खत अति झालं की फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतो, मग असं होतं.

गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं.

"थांबा. त्यानं नाही फवारलं. तुमच्या खतानं झालंय. चुकले मी."

नवरा फावडं टाकून खाली बसला आणि खिशातल्या चाकूनं एकेक फळ कापू लागला. एक तरी आतून पांढरं निघावं, एवढीच त्याची धडपड. मेल्यानं अख्खी टोपली कापली, एकही निघालं नाही.

धाकटा हात छातीशी धरून बसला होता.

"वहिनी, बोटं हलतात का बघ. मला काही कळेना."

ती जवळ सरकली. चारही बोटं लाकडासारखी पडून होती.

"अंगठा हलतोय," ती म्हणाली. त्यानं पुढचं विचारलं नाही.