रंगूचा हंडा

पाड्याच्या खाली, उंबराच्या मुळाशी एक झिरा होता. रात्रभर त्यात पाणी पाझरायचं आणि सकाळी सहापासून सगळा पाडा ते वाटीवाटीनं हंड्यात भरायचा. अकरापर्यंत झिरा कोरडा. एप्रिल लागला की तिथं हंड्यांची रांग लागायची आणि त्या रांगेवर राज्य चालायचं रखमीचं.

हे राज्य तिला कुणी दिलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी नंबरावरून बायकांची जुंपली, पोश्याच्या बायकोच्या कपाळावर कळशी बसली आणि टाके घालायला तिला जव्हारला न्यावं लागलं. दुसऱ्या दिवशी रखमी काठी घेऊन उंबराखाली येऊन बसली, ती बसलीच. तिचे नियम दोन. एका बाईनं एकच हंडा धरायचा. आणि नंबर आला तेव्हा हंड्यापाशी त्याचं माणूस नसेल, तर हंडा रांगेच्या शेवटी. मग तो सरपंचाच्या घरचा असो, नाहीतर बाळंतिणीचा. रखमीला अक्षर वाचता येत नव्हतं, पण कुठला पोचा कुणाच्या हंड्याचा हे ती लांबून सांगायची. बायका तिला पाठीमागे खडूस म्हणत आणि समोर निमूट ऐकत. त्या दिवसापासून झिऱ्यावर कुणाचं डोकं फुटलं नव्हतं.

या कामाचा मोबदला म्हणजे पहिला हंडा. रात्रभर निवलेलं, तळाची वाळू दिसेल असं नितळ पाणी आधी रखमीच्या घरी जायचं. दहाव्या हंड्यापासून पाणी गढूळ व्हायला लागे आणि शेवटच्याच्या वाट्याला तर निम्मा चिखलच यायचा. पहिलं पाणी हा रखमीचा मान होता आणि तो तिला फार प्यारा होता, हे कशाला लपवायचं.

त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी पाड्यावर उन्हाळी वर्ग सुरू झाला. पलीकडच्या पाड्यावरची प्रगती जव्हारच्या कॉलेजात शिकत होती. तिथल्या एका संस्थेनं तिला पत्र्याची पेटी भरून पुस्तकं, रंग, कॅरम आणि दोरीउड्यांच्या दोऱ्या दिल्या आणि पंधरा दिवस पोरांना वाचायला, खेळायला लावायचं काम सोपवलं. वर्गाची वेळ आठ ते साडेदहा. त्यानंतर शाळेचा पत्रा असा तापायचा की खाली भाकर भाजावी, आणि संध्याकाळी प्रगतीचा दुसऱ्या पाड्यावर दुसरा वर्ग होता. पहिल्या दिवशी अकरा मुलगे आले. मुलगी एकही नाही. मुली झिऱ्यावर रांगेत होत्या.

प्रगती पोरगी चिवट. तिसऱ्या दिवशी वर्गाआधीच ती झिऱ्यावर उतरली आणि रखमीसमोर उकिडवी बसली. मुलींचे हंडे तेवढे अडीच तास बिनमाणसाचे राहू द्या, म्हणाली. रखमीनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आज चार पोरींसाठी नियम मोडला तर उद्या चाळीस जणी कारण घेऊन येतील, एवढंच तिनं सांगितलं. प्रगतीनं वाद घातला नाही. उठताना मात्र ती म्हणाली, "आजी, रंगूला जूनमध्ये परत पेपर द्यायचाय. ती वर्गात आली नाही तर पास कशी होणार?"

हे बरोबर वर्मी लागलं. रंगू म्हणजे रखमीची नात. पाचवीत नापास झाली होती आणि जूनच्या फेरपरीक्षेत पास झाली तरच सहावीला खोडाळ्याच्या शाळेत जाणार होती. तिचे आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर होते. बापानं, मंगेशनं, फोनवर साफ सांगितलं होतं की पोरगी पुन्हा नापास झाली तर दिवाळीनंतर तिलाही भट्टीवर घेऊन जाणार; घरी ठेवून तरी काय करायचं. घरात आजी आणि नात दोघीच. रखमीचा गुडघा कामातून गेलेला, त्यामुळं झिऱ्याच्या खड्ड्यात उतरून मानाचा आणि रांगेतला असे दोन्ही हंडे भरायची रंगू आणि डोक्यावर वाहून न्यायचीही रंगूच. भट्टीवर गेलेल्या पोरी परत शाळेत बसलेल्या रखमीनं पाहिल्या नव्हत्या. स्वतः तीही आठव्या वर्षी अशाच एका कामावर गेली होती.

संध्याकाळी नागली पाखडताना रखमीला वाट सुचली आणि दुसऱ्या सकाळी तिनं काठी आपटून सगळ्या बायकांना जवळ बोलावलं. नियम मोडायचा नाही, ती म्हणाली, पण सगळ्यांच्या देखत त्यात भर घालता येते. वर्गाला जाणाऱ्या पोरींचे हंडे रोज एकीनं सांभाळायचे, नंबर आला की भरून ठेवायचे. जी सांभाळेल तिला त्या दिवशी पहिलं पाणी. रखमीचं पहिलं पाणी.

बायका चपापल्या. सात वर्षांत रखमीनं त्यातली वाटीभरसुद्धा कुणाला दिली नव्हती. दोघी-तिघींनी लगेच माना हलवल्या. तेवढ्यात सुनिता बोलली. सुनिता खोडाळ्याची लेक, तिखट जिभेची. तिची पोरगी माघीही वर्गाला जाण्याच्या वयाचीच होती.

"आनि रंगूचा हंडा?" ती म्हणाली. "तोबी यातच ना? त्याच्यासाटीच चाललंय ना हे सगलं?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. रखमीचा संताप असा की तोंडातून शब्द गेल्यावर मगच तिला कळायचा. सात वर्षं तिनं स्वतःच्या घराला कणभर झुकतं माप दिलं नव्हतं आणि आज या बाईनं चारचौघींत तिच्याकडं बोट दाखवलं.

"रंगूचा हंडा यात नाय," ती म्हणाली. "माझ्या घरचा हंडा माझ्या घरचं माणूस धरंल."

झालं. बोलून बसली. बायका पांगल्या आणि माघीसकट चार पोरी परकराचे घोळ सावरत शाळेकडं पळाल्या. रंगू तशीच रांगेत उभी राहिली. तिनं आजीकडे एकदा पाहिलं आणि खाली बघून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

पुढचे चार दिवस रखमीला फार जड गेले. शाळा झिऱ्याच्या वरच्या अंगालाच होती. पोरांचा दंगा, गाणी, एका सुरातलं वाचन, सगळं खाली ऐकू यायचं. एकदा सगळी मिळून कसल्याशा गोष्टीला हसली तेव्हा रंगूही कारण न कळता हसली आणि मग कुणी पाहिलं का म्हणून तिनं इकडंतिकडं बघितलं. रखमीनं पाहिलं होतं. ज्या पोरीसाठी एवढा घाट घातला तीच तेवढी बाहेर राहिली होती, आणि ठेवली कुणी, तर आपल्याच तोंडानं. शब्द मागं घ्यावा तर सुनिताचं म्हणणं खरं ठरत होतं. न घ्यावा तर दिवाळीनंतर पोरगी भट्टीवर. स्वतःचाच तिला राग यायचा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मंगेशचा फोन आला. अभ्यास चाललाय का, असं त्यानं लेकीला विचारलं. रंगूनं रडून सांगितलं असतं तर रखमीला सोपं गेलं असतं. पण पोरीनं सरळ आवाजात सांगितलं की वर्गाला मी जात नाही, पाण्याला माणूस लागतं. आणि मग भट्टीवर आपली खोली केवढी आहे, असं विचारलं. रखमी चुलीपाशी बसून ऐकत होती. रंगूनं जायची तयारी मनात सुरूही केली होती.

सकाळी रंगू चुंबळ शोधायला लागली, तेव्हा रखमीनं ती तिच्या हातातून काढून घेतली.

"तू शालंत जा."

"मंग हंडा?"

"हंडा शेवटी जाईल. नियम हाय तो. तू जा."

त्या दिवशी रंगूच्या हंड्याचा नंबर सातवा होता. सातवा नंबर आला तेव्हा हंड्यापाशी कुणी नव्हतं. सगळ्या बायका बघायला लागल्या. रखमी उठली, लंगडत हंड्यापर्यंत गेली आणि काठीनं ढकलत ढकलत तो पार शेवटी नेऊन ठेवला. पितळी हंडा दगडांवरून खडखडत गेला. मग ती जागेवर येऊन बसली आणि म्हणाली, "पुढचा हंडा."

दहाच्या सुमाराला सगळ्या गेल्यावर तिनं साडीचा ओचा खोचला. खड्ड्याला चार पायऱ्या होत्या, पण तिच्या गुडघ्याला त्या चाळीस वाटल्या. बसतबसत, हात टेकत ती खाली उतरली आणि तळाला उरलेलं वाटीनं खरवडून काढायला लागली. पाऊण हंडा भरला, तोही लाल पाण्याचा. वर्ग सुटल्यावर रंगू धावत आली, हंडा डोक्यावर घेतला आणि आजीचा हात धरून तिला वर आणलं. घरी पाणी दोनदा फडक्यानं गाळलं आणि संध्याकाळपर्यंत निवत ठेवलं, तरी त्याला मातीची चव होतीच. पहिल्या पाण्यावर वाढलेल्या जिभेला ती फार कडू लागली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. पोश्याच्या बायकोनं न राहवून सांगितलं की आजी, आम्ही काही म्हणणार नाही, राहू दे त्याला जागेवर. रखमी म्हणाली की तू म्हणणार नाहीस, पण मी म्हणेन. प्रगतीला खालचा प्रकार कळला तेव्हा ती पोरांना पेटीपाशी बसवून झिऱ्यावर आली, पण रखमीनं तिला पायरीवरूनच हुसकलं. तुझं काम वर आहे, माझं खाली आहे, म्हणाली. घरी रंगू दिव्याशी पुस्तक घेऊन बसायची आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायची. आधी एकेक अक्षर सुटं पडायचं. मग शब्द लागायला लागले. रखमीला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पोरगी कुठं अडते आणि किती वेळ अडते एवढं तिला कळत होतं, आणि ते अडणं रोज कमी होत होतं.

वर्गाच्या बाराव्या दिवशी झिरा आणखी आटला होता. सकाळपासूनच पाणी नेहमीच्या निम्म्यानं पाझरत होतं. शेवटच्या हंड्याला आज वाटीभर तरी मिळेल का, याची रखमीला खात्री नव्हती. रंगूचा हंडा त्या दिवशी पाचवा होता आणि सुनिताचा आठवा. चौथा हंडा भरून वर आला. रखमीनं काठी टेकली आणि उठायला लागली. गुडघा धरला होता, त्यामुळं तिला वेळ लागला.

ती उभी राहीपर्यंत सुनिता आपला हंडा सोडून पुढं आली आणि रंगूच्या हंड्याच्या काठावर हात ठेवून उभी राहिली.

"हा मी धरलाय," ती म्हणाली.

रखमी म्हणाली की पहिलं पाणी आज पोश्याच्या घरी गेलंय, या कामाचं तुला काही मिळणार नाही. सुनिता म्हणाली की माहीत आहे. रखमी म्हणाली, एका बाईला एकच हंडा.

"एकच धरलाय," सुनिता म्हणाली. "माजा तिकडं बिनमानसाचा हाय. त्याला लाव शेवटी."

रखमीनं मनातल्या मनात नियम उलटापालटा करून पाहिला. त्यात कुठंही फट नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं पुसलंही नाही. सुनिताचा हंडा तिनं काठीनं ढकलत शेवटपर्यंत नेला, अगदी जसा रंगूचा नेला होता तसाच, एक दगडसुद्धा न चुकवता. मग उंबराखाली येऊन बसली.

"पुढचा हंडा," ती म्हणाली.

वर्ग सुटल्यावर रंगू आणि माघी धावत खाली आल्या. रंगूचा हंडा उंबराच्या सावलीत भरलेला होता, बऱ्यापैकी नितळ पाण्याचा. ती बघतच राहिली. आजीनं हनुवटीनं खड्ड्याकडे दाखवलं. खाली सुनिता वाकून वाटीनं चिखल खरवडत होती आणि तिच्या हंड्याचा तळही झाकला नव्हता. रंगू पायऱ्या उतरली, तिच्या हातातली वाटी काढून घेतली आणि स्वतः भरायला बसली. माघीला सुनितानं खडसावून आधी तिचा भरून ठेवलेला हंडा घरी न्यायला सांगितलं. रंगूच्या भरलेल्या हंड्यातलं निम्मं पाणी रखमीनं सुनिताच्या हंड्यात ओतायला लावलं. ते काही नियमात नव्हतं, पण रांग संपलेली होती.

उरलेले तीन दिवस रंगूच्या हंड्यापाशी रोज कुणी ना कुणी उभं होतं. कोण उभं राहायचं हे बायकांनी आपापसात ठरवलं. रखमीला विचारलं नाही.

जूनमध्ये पेपर झाला. रंगू पास झाली, गणितात काठावर आणि मराठीत चांगली. मंगेशनं फोनवर खोडाळ्याच्या शाळेचा गणवेश कुठल्या रंगाचा असतो ते विचारलं.

पुढच्या एप्रिलमध्ये प्रगती पेटी घेऊन पुन्हा आली. तिनं काही मागायच्या आधीच रखमीनं काठी आपटून बायकांना गोळा केलं. वर्गाच्या वेळेत वर्गाच्या पोरींचे हंडे बिनमाणसाचे चालतील, नंबर आला की ज्याच्या त्याच्या पुढचीनं भरायचे, असा तिनं नवा नियम मांडला. पहिलं पाणी आता रोज एकेका घराला, आणि रखमीचं घरही त्या फेरीत इतरांसारखंच. कुणी नाही म्हटलं नाही. तेवढ्यात मागून सुनिताचा आवाज आला.

"आनि रंगूचा हंडा?"

सगळ्या रखमीकडे बघायला लागल्या. रखमीनं काठी मांडीवर आडवी ठेवली.

"रंगूचाबी," ती म्हणाली. "सगल्यांसारखा."