उकर्डा नाव

त्या सकाळी अकोल्याच्या खत डेपोत सहा ढीग होते. पाच पुरुषभर उंचीचे, थंडीत वाफ सोडणारे. सहावा सुपात मावेल एवढा, चाळलेल्या काळ्या खताचा. त्यावर धुतलेलं पांढरं धोतर अंथरलेलं.

"मॅडम, तुमची नळी याच्यात घाला," उकर्डाजी म्हणाले. "लेकराले गार नाई लागलं पाह्यजे."

मी थर्मामीटर खुपसला. छत्तीस अंश. ढिगांचं तापमान नोंदवणं माझं काम. ऊब मिळावी म्हणून त्यांनी हा लहान ढीग मोठ्या ढिगाला चिकटून रचला होता.

त्यांच्या मुलीची, पौर्णिमाची, दोन बाळं गेली होती. तिसरं दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. उकर्डाजींच्या आईचीही आधी चार गेली. पाचव्याला तिनं उकिरड्यावर टाकलं, आत्यानं उचलून घेतलं आणि नाव तेच ठेवलं, उकर्डा. मरणानं ढुंकून पाहू नये असं नाव. पाचवा जगला.

डेपोत त्या नावाचं वेगळंच झालं. उकर्डा कचऱ्यावर कामाला, म्हणून कुणाचंही नाव कामाशी जुळलं की सुपरवायझर अमोल ओरडे, "घ्या, उकर्डा नाव!" नळ खात्यातला सागर, उकर्डा नाव. वीज मंडळातला प्रकाश, उकर्डा नाव. गेल्या महिन्यात अमरावतीहून आलेल्या साहेबांनीही भाषणात तो शब्द वापरला. कुठून आला, त्यांना माहीत नव्हतं. उकर्डाजी मागे उभे राहून टाळ्या वाजवत होते.

दुपारी पौर्णिमाचा फोन आला. उकर्डाजींना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकरवर.

"बाबा, ते खत-बित काही नाई. अन् ते नावबी नाई."

"अवं, घरी आणल्यावर पाच मिनिटं ठेवू. मी जगलोच ना?"

"जगले. अन् सारे हसून राह्यले तुमच्यावर. सासरी मले म्हणतात, उकर्डा नावाची पोरगी. माह्या लेकराले नाई हसू देणार मी."

"हसू दे नं, बाई. हसाले लेकरू तं पाह्यजे."

फोन बंद झाला.

"तुमी शिकेल हा, मॅडम. तुमी सांगा तिले."

"नावानं काही होत नाही, उकर्डाजी."

"मंग कायनं होते?"

मी चौथ्या ढिगाकडे गेले.

शुक्रवारी ते आले नाहीत. दवाखान्यातल्या पेटीवरच्या चिठ्ठीत शेवटपर्यंत 'पौर्णिमाचं बाळ' एवढंच होतं.

सोमवारी आले. अमोलनं स्वतःची खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. धोतराची घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली आणि फावड्यानं मोठा ढीग उलटून पलीकडे लोटला. लहान ढीग संध्याकाळपर्यंत एकटा राहिला.

मी थर्मामीटर खुपसला. एकोणीस अंश.