खुर्चीतली झोप

"काका, पेपर तुमचा आहे, काकूंचा नाही. मागून कॉपी पुरवायची नाही, सांगून ठेवते!"

सिस्टरने दटावलं आणि खोलीत हशा पिकला. दवाखान्याच्या मागच्या अंगाला असलेल्या त्या खोलीत दर मंगळवारी हृदयाचे जुने दुखणेकरी जमायचे. सिस्टर आधी एकेकाचं वजन करायची, रक्तदाब बघायची, घोट्यावर अंगठा दाबून सूज पारखायची आणि मग शिकवायला उभी राहायची. शिकवून झालं की प्रत्येकाकडून म्हणून घ्यायची. 'कळलं का?' असं म्हाताऱ्या माणसाला विचारलं की तो 'कळलं' म्हणतो आणि घरी जाऊन मिठाची बरणी जवळ ओढतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती भलतीच खमकी होती. सगळे तिला पाठीमागे छडीबाई म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

फोरमनकाकांचा जन्म कारखान्यात आरडाओरडा करण्यात गेला होता. हृदय दुबळं झालं, छातीत पाणी साचायला लागलं, तरी आवाज तसाच. त्यांच्या खुर्चीमागे औषधांची पिशवी घेऊन बायको उभी असे. तिला सगळे फोरमनकाकू म्हणत. दुसरं नाव कुणी विचारलं नव्हतं.

"बरं, रात्री झोप लागते का?" सिस्टरने विचारलं.

"मला काय धाड भरलीय? मी ढाराढूर झोपतो. ही मात्र रात्र-रात्र माझ्या उशाशी खुर्ची टाकून बसते. अंथरुणाला पाठ म्हणून लावत नाही."

"खरं की काय, काकू?"

काकू ओशाळल्या. तोंडावर रुमाल धरून खोकल्या. "आडवं पडवतच नाही हो. जीव कासावीस होतो."

"होणारच! नवऱ्याची काळजी म्हटली की जिवाला थारा नसतो." सिस्टर वर्गाकडे वळली. "बघा! सेवा करावी तर अशी. वाजवा टाळ्या!"

टाळ्या कडाडल्या. काकूंनी मान खाली घातली. काका असे फुलले, जणू बक्षीस त्यांनाच मिळालं होतं.

त्यानंतर काही मंगळवार काकांची खुर्ची रिकामी राहिली. मग ते आले, लेकीचा हात धरून. दाढी वाढलेली, सदऱ्याचं बटण भलत्याच काजात. वजन करताना लेकीनेच हळू आवाजात सांगितलं.

"आई गेली, सिस्टर. पहाटे बाबांना जाग आली तर खुर्चीतच... हात गार पडलेले."

"अगंबाई! काय झालं होतं?"

"तेच तर! काहीच नव्हतं. आईचं कधी डोकंसुद्धा दुखलं नाही. जरा खोकला होता. पाय सुजून चपलेत मावत नव्हते, तर म्हणायची, उभं राहून राहून होतं." तिने डोळे पुसले. "बाबांना एवढाच आधार आहे बघा. माझी सेवा करता करता गेली, असं येईल त्याला सांगतात."

सिस्टरचा हात वजनकाट्यावर तसाच राहिला. आडवं पडवत नाही. जीव कासावीस होतो. बाईने तोंडाने सांगितलं होतं, भर वर्गात, आणि हिने टाळ्या वाजवायला लावल्या होत्या! सगळ्या गावाचे घोटे दाबणाऱ्या छडीबाईने त्या दोन पायांकडे कधी वाकून पाहिलं नव्हतं. पाहणार कशाला? त्या पायांचा केसपेपर नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिला स्वतःची किळस आली.

आणि नेमका आज हृदय थकल्याच्या खुणांचा धडा होता. टाळावा, तर पुढच्याच रांगेत एक नवी म्हातारी बसली होती, बोलता बोलता धापा टाकणारी. तिला हे कळायलाच हवं होतं.

"काका, तुम्ही दमला असाल. आज बाहेर बाकावर बसा थोडं."

"का? नापास केलंत का मला?" म्हणत काका पहिल्या रांगेत जाऊन बसले.

सिस्टरने सुरुवात केली. पायांवर सूज येते. वजन भराभर वाढतं. चार पायऱ्या चढल्या की दम लागतो. काका मान डोलावत होते. मग तिने खिडकीकडे बघत पुढचं सांगून टाकलं.

"आडवं पडलं की श्वास कोंडतो. माणसाला झोपता येत नाही. उठून बसावं लागतं, रात्रभर."

काकांची मान थांबली.

"बाई, खोकला पण येतो का?"

"येतो, काका."

"कोरडा? रात्रीचा?"

"हो."

काका आपल्या हातांकडे बघत राहिले. "मी खेकसायचो तिच्यावर. म्हटलं, बसतेस तर गुमान बस की. झोपमोड होते माझी."

दारातली लेक पुढे आली. "बाबा, चला घरी."

"म्हणजे ती माझ्यासाठी नव्हती बसत," काका म्हणाले. इतका हळू आवाज त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

"काका, चूक माझी आहे." सिस्टर खिडकीकडून त्यांच्याकडे वळली. "त्या मला सांगत होत्या. मला ऐकूच आलं नाही."

"तुम्ही तिला आठवड्यातून एकदा बघत होता, बाई. मी शेजारी झोपत होतो."

नवी म्हातारी धापा टाकत होती. काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, मग सिस्टरकडे.

"शिकवा पुढचं. थांबू नका."

सिस्टरने पुढची खूण सांगितली आणि सवयीने सगळ्यांना म्हणायला लावली. काकांनीही ती सगळ्यांबरोबर म्हटली, शब्दन् शब्द बरोबर.