तिसऱ्या भोकाचा पट्टा

भाऊजींनी मोटरसायकलच्या दोन चामडी पिशव्या माझ्या कामाच्या टेबलावर टाकल्या, तेव्हा आवाज लाकडावर लाकूड पडल्यासारखा झाला. या पिशव्या ह्यांनी स्वतःच्या हाताने शिवलेल्या. हे गेले त्याच महिन्यात भाऊजी "दोन दिवसांसाठी नेतो, वहिनी" म्हणून घेऊन गेले होते. त्यांचे दोन दिवस सहा वर्षं चालले.

"ठेवल्या कुठे होत्या?"

"गॅरेजात, पत्र्याखाली. रविवारी आमच्या क्लबाचं प्रदर्शन आहे. चमकल्या पाहिजेत."

क्लब! भाऊजींची गाडी कोपऱ्यावरच्या पंपापलीकडे गेलेली कुणी पाहिली नाही. जाकीट मात्र असं, की आत्ताच चार घाट उतरून आलेत.

"करून देते. पण प्रदर्शन झालं की मला परत द्या. ह्यांचं दुसरं काही माझ्याजवळ नाही."

ते मनापासून हसले. "तुम्ही काय गाडी चालवणार, वहिनी? अहो, भावाची आठवण आहे ती!"

भावाच्या आठवणीवर बोटभर बुरशी होती. ती मी कोरड्या ब्रशने झाडली. मग साबणाचा नुसता फेस लावून पुसलं, दमट चामड्यात कागदाचे बोळे कोंबून पोटं आकाराला आणली आणि रोज एक पातळ हात तेलाचा दिला, आतून आणि बाहेरून. चामडं घाईने तेल पीत नाही. चौथ्या दिवशी झाकण वाकवलं, तर ते कुरकुर न करता वाकलं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

राहिले होते बकलांचे पट्टे. बारीक काम मी शेवटी घेते. डाव्या पट्ट्याचं तिसरं भोक ताणून लांबट झालेलं, कारण हे पिशवी नेहमी गच्च भरायचे आणि वर गुडघा ठेवून पट्टा ओढायचे.

शनिवारी सकाळीच भाऊजी हजर.

"झाल्या?"

"पिशव्या झाल्या. पट्ट्यांना अजून तेल दिलेलं नाही, कोरडे आहेत. उद्यापर्यंत ओढू नका."

'रंग ओला आहे' अशी पाटी दिसली की जो आधी बोट लावून बघतो, त्याला मी 'ओढू नका' म्हणाले. वर पाठ फिरवून आरीला धार लावत बसले. देवापुढे हात जोडताना हे मी कबूल केलंय.

कट्!

"अहो, हे तर कुजलंय!" भाऊजींच्या हातात पट्ट्याचा तुकडा, नेमका तिसऱ्या भोकाशी तुटलेला. "चार दिवस काय केलंत? क्लबात हसतील मला!"

"हसतील," मी म्हणाले.

"राहू द्या तुम्हालाच. मी फायबरच्या घेतो. पाण्याने धुतल्या की झालं." जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून ते गेले. पिशवीला हात लावून बघायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही. लोण्यासारखी मऊ झाली होती.

दुपारी मी नवा पट्टा कापला, मेणाच्या दोऱ्याने शिवला आणि मापाने पाच भोकं पाडली. तिसरं भोक इतरांसारखंच गोल आलं. ते लांबट करावं म्हणून पिशवीत कागद ठासून भरले, वर गुडघा ठेवला आणि पट्टा ओढला. माझा जोर पुरेना. जुना तुकडा पिशवीच्या आत ठेवला आणि पुन्हा ओढला.